पंचांना न दिसलेला स्पर्श : टेनिसपटू गॉटफ्रीड फॉन क्राम यांचे चरित्र

‘पंच’ हा शब्द आपल्या भाषेत मोठा अर्थवाही आहे. गावात तंटा उद्भवला की पंच बसतात, देवस्थानची दानपेटी उघडावयाची झाली की पंच बोलावितात, आणि मैदानावर खेळ सुरू झाला की तेथेही एक पंच उंच खुर्चीवर बसविला जातो. कोणी पाहणारे असले म्हणजे माणूस सरळ चालतो, या जगाच्या अनुभवावर ही सारी व्यवस्था उभी आहे. परंतु जे पंचांच्याही दृष्टीला पडत नाही, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. प्रत्यक्ष धर्मराजाचाही, रणांगणावर विजय समोर दिसत असता, एका शब्दापुरता तोल गेला, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनांतून ऐकत आलो आहोत.

आज ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे, ते गॉटफ्रीड फॉन क्राम हे आपल्या देशाचे नव्हेत व आपल्या धर्माचेही नव्हेत. ते जर्मनीतील एका उमराव घराण्यात जन्मले आणि टेनिसच्या खेळात जगद्विख्यात झाले. त्यांनी जिंकलेली पदके पुष्कळ आहेत. तथापि त्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः एका हातातून गेलेल्या विजयासाठी, आणि पुढे त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला त्यासाठी.

गॉटफ्रीड यांचा जन्म ७ जुलै १९०९ रोजी जर्मनीतील हानोव्हर प्रांतात, नेटलिंगेन येथील कुटुंबाच्या वाड्यात झाला. वडील बुर्कहार्ड हे ‘बॅरन’ ही पदवी धारण करणारे जहागीरदार होते, आणि आईचेही माहेर सरदारांचेच होते. सात मुलगे असलेल्या त्या घरातील गॉटफ्रीड हे तिसरे. घरी घोडे, शेतीवाडी, नोकरचाकर यांची वाण नव्हती, आणि अंगणात टेनिसचे मैदानही होते. लहानपणी घोड्याला साखर भरवीत असता त्याने त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक चावून तोडले. ज्या हातात पुढे आयुष्यभर रॅकेट धरावयाची तोच हा हात. पण त्या मुलाने उरलेल्या बोटांनी रॅकेट धरण्याची सवय केली, आणि या व्यंगाचा उल्लेख पुढे कधी पराभवाची सबब म्हणून केला नाही.

१९२८ मध्ये ते कायद्याच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेले. तेथे ‘रोट-वाइस’, म्हणजे ‘लाल-पांढरा’, या नावाचा प्रसिद्ध टेनिस क्लब होता. गॉटफ्रीड त्याचे सभासद झाले आणि कायद्याची पुस्तके हळूहळू मागे पडली. सकाळपासून सायंकाळपर्यंत सराव चाले. रोमान नायुख यांच्यासारख्या नामांकित शिक्षकाचे आणि अमेरिकेचे महान खेळाडू बिल टिल्डन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शरीराने सडपातळ, सोनेरी केसांचे, पांढऱ्या शुभ्र लांब विजारीत मैदानावर येणारे हे तरुण खेळू लागले की पाहणाऱ्यांना त्यांच्या हालचालीत यत्किंचितही घाई दिसत नसे. त्यांची सर्व्हिस उंच उसळी घेई, आणि लांबच लांब सामन्यात शेवटच्या सेटपर्यंत त्यांचा दम टिकून राही.

त्या काळी टेनिसच्या मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत, हे येथे सांगितले पाहिजे. विम्बल्डन जिंकणाऱ्यास चषक मिळे, सन्मान मिळे, परंतु बक्षिसाची रक्कम मिळत नसे. जो पैशासाठी खेळे तो ‘धंदेवाईक’ ठरे, आणि त्याला या स्पर्धांची दारे बंद होत. टिल्डन, फ्रेड पेरी आणि डोनाल्ड बज हे तिघेही अखेर त्या वाटेने गेले, आणि त्यात गैर काही नव्हते, कारण कीर्तीवर पोट भरत नाही. ही अट १९६८ साली उठली. फॉन क्राम मात्र शेवटपर्यंत हौशीच राहिले.

१९३२ मध्ये ते प्रथम जर्मनीचे राष्ट्रीय विजेते झाले. त्याच वर्षी डेव्हिस चषकाच्या सामन्यांत जर्मनीने बर्लिन येथे बलाढ्य ब्रिटिश संघाला हरविले. डेव्हिस चषक ही राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धा असून, त्या काळी प्रत्येक लढतीत चार एकेरी व एक दुहेरी असे पाच सामने होत. बर्लिनच्या त्या लढतीत निर्णायक सामना जिंकणारे खेळाडू होते फॉन क्राम यांचे संघबंधू डॅनियल प्रेन. प्रेन हे ज्यू होते. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, हिटलरचा नाझी पक्ष सत्तेवर आला आणि ज्यू असल्याच्या एकाच कारणाने प्रेन यांना राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले. ज्याने वर्षापूर्वी राष्ट्राला विजय मिळवून दिला त्याला राष्ट्रानेच नाकारले. प्रेन इंग्लंडला निघून गेले. ज्यांना त्यांनी हरविले होते त्या फ्रेड पेरी व बनी ऑस्टिन या इंग्रज खेळाडूंनीच लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून या अन्यायाचा जाहीर निषेध केला.

प्रेन गेल्यानंतर जर्मन टेनिसचा सर्व भार फॉन क्राम यांच्यावर आला. गोरा वर्ण, निळे डोळे, सरदारी घराणे आणि हातात रॅकेट असा हा पुरुष नव्या राज्यकर्त्यांना आपल्या वंशश्रेष्ठत्वाच्या मिरवणुकीत पुढे चालविण्यास अगदी सोयीचा होता. पक्षाचे सभासद व्हावे असा आग्रह त्यांना वारंवार झाला. पण ते सभासद झाले नाहीत. आपण जर्मनीसाठी खेळतो आणि जर्मनी म्हणजे एक पक्ष नव्हे, अशीच त्यांची वागणूक राहिली.

१९३३ मध्ये हिल्डे क्राहविंकेल यांच्या जोडीने त्यांनी विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. १९३४ मध्ये पॅरिस येथे फ्रान्सच्या अजिंक्यपदासाठी त्यांची गाठ ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्ड यांच्याशी पडली. एका गुणाने सामना हातचा जाणार अशी वेळ आली असता त्यांनी तो सावरला आणि पाच सेटमध्ये विजय मिळविला. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच मैदानावर त्यांनी फ्रेड पेरी यांना पाच सेटमध्ये नमविले. पाचव्या सेटमध्ये पेरींना एकही गेम मिळू शकला नाही.

आता ज्या प्रसंगामुळे या लेखाला वरील नाव दिले, त्या प्रसंगाकडे वळू. १९३५ च्या उन्हाळ्यात डेव्हिस चषकाच्या आंतरविभागीय अंतिम लढतीत जर्मनी व अमेरिका हे देश विम्बल्डनच्या हिरवळीवर समोरासमोर आले. दुहेरीच्या सामन्यात फॉन क्राम यांचे जोडीदार काय लुंड हे होते, आणि समोर विल्मर अॅलिसन व जॉन व्हॅन रिन ही कसलेली अमेरिकन जोडी होती. लुंड हे फॉन क्राम यांच्या तोडीचे खेळाडू नव्हते, त्यामुळे बहुतेक सामना एकट्यानेच ओढावा लागत होता. तरीही सामना पाचव्या सेटमध्ये गेला, आणि एका गुणाने विजय मिळेल अशी संधी जर्मनीला एकाहून अधिक वेळा आली.

अशाच एका संधीच्या वेळी चेंडू मधून आला. फॉन क्राम यांनी हात लांबवून तो मारण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. मागे असलेल्या लुंड यांनी तोच चेंडू असा परतविला की अमेरिकन जोडीला त्याला हातही लावता आला नाही. पंचांनी गुण जर्मनीला दिला, आणि त्याबरोबर सामनाही जर्मनीचा झाला. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले.

इतक्यात फॉन क्राम पंचांच्या खुर्चीपाशी गेले आणि लुंड यांच्याकडे जाण्यापूर्वी चेंडू आपल्या रॅकेटला ओझरता लागला होता, असे त्यांनी सांगितले. टेनिसच्या नियमाप्रमाणे दुहेरीत जोडीतील एकाच्याच रॅकेटचा स्पर्श चेंडूला व्हावयास हवा, दोघांचा झाल्यास गुण प्रतिपक्षाला जातो. हा स्पर्श पंचांनी पाहिला नव्हता, प्रतिस्पर्ध्यांना कळला नव्हता, हजारो प्रेक्षकांपैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. तो ठाऊक होता एकट्या फॉन क्राम यांच्या हाताला. गुण अमेरिकेला देण्यात आला, खेळ पुढे सुरू झाला, आणि अखेर पाचवा सेट ८-६ असा जिंकून अमेरिकन जोडीने सामना घेतला. पुढे ती लढतही अमेरिकेनेच जिंकली.

सामन्यानंतर जर्मन संघाच्या एका अधिकाऱ्याने, तुम्ही देशाचा घात केला, अशा अर्थाचे शब्द त्यांना सुनावल्याची हकीकत सांगितली जाते. त्यावर, आपण देशाची मान खाली घातली असे आपल्याला वाटत नाही, उलट राखलीच आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले म्हणतात. या दोन मतांत केवढे अंतर आहे ते पाहावे. एकाच्या मते देशाची प्रतिष्ठा फळ्यावरच्या आकड्यांत आहे, दुसऱ्याच्या मते ती खेळणाऱ्याच्या वर्तनात आहे. धर्मराजाची कथा वर सांगितली ती याचसाठी. त्या पुण्यपुरुषाला युद्धाच्या धुमाळीत जे जमले नाही, ते एका खेळाडूला खेळाच्या धुमाळीत जमले. युद्ध आणि खेळ यांची तुलना होऊ शकत नाही हे खरे, परंतु मोह दोन्हीकडे एकाच जातीचा असतो.

विम्बल्डनची एकेरी स्पर्धा ही त्या काळी टेनिसमधील सर्वोच्च मानाची गणली जाई. तेथे मात्र दैवाने फॉन क्राम यांना साथ दिली नाही. १९३५, १९३६ व १९३७ अशी ओळीने तीन वर्षे ते अंतिम सामन्यात पोहोचले आणि तिन्ही वेळा हरले. पहिल्या दोन वेळी पेरींनी त्यांना हरविले आणि तिसऱ्या वेळी बज यांनी. १९३६ च्या सामन्यात आरंभीच त्यांच्या पायाचा स्नायू दुखावला. तरीही ते शेवटपर्यंत खेळले आणि ६-१, ६-१, ६-० असे हरले. सामना संपल्यावर पंचांनी त्यांच्या दुखापतीची माहिती प्रेक्षकांना दिली, आणि याहून चांगला खेळ करता आला नाही याबद्दल फॉन क्राम यांनी व्यक्त केलेली दिलगिरीही कळविली. जखमी माणसानेच क्षमा मागावी, असा तो प्रकार होता.

१९३७ च्या जुलै महिन्यात डेव्हिस चषकाच्या आंतरविभागीय अंतिम लढतीत जर्मनी व अमेरिका पुन्हा विम्बल्डनवर भेटले. चार सामन्यांअखेर दोन-दोन अशी बरोबरी होती, आणि २० जुलै रोजी पाचव्या सामन्यासाठी फॉन क्राम व डोनाल्ड बज मैदानावर उतरले. पेरी धंदेवाईक झाल्यामुळे इंग्लंडचा संघ दुबळा झालेला होता, म्हणून ही लढत जिंकणारा देशच चषक नेणार, हे सर्वांना दिसत होते. फॉन क्राम यांनी पहिले दोन सेट ८-६, ७-५ असे घेतले. बज यांनी पुढचे दोन ६-४, ६-२ असे घेऊन बरोबरी साधली. पाचव्या सेटमध्ये फॉन क्राम ४-१ असे पुढे गेले. विजय दोन गेमवर आला होता. येथे बज यांनी धोका पत्करून पुढे सरसावत खेळण्यास प्रारंभ केला आणि एकेक गेम परत मिळविला. अखेर धावता धावता मारलेल्या एका अशक्यप्राय फटक्याने त्यांनी तो सेट ८-६ असा जिंकला आणि ते तोल जाऊन हिरवळीवर पडले. फॉन क्राम जाळ्यापाशी त्यांची वाट पाहात उभे होते. आपल्या आयुष्यातील हा सर्वोत्तम सामना होता आणि तो तुमच्यासारख्या मित्राविरुद्ध खेळावयास मिळाला याचा आनंद वाटतो, अशा आशयाचे बोलून त्यांनी बज यांना आलिंगन दिले. आजही टेनिसच्या इतिहासातील श्रेष्ठ सामन्यांची यादी करताना हा सामना वगळला जात नाही.

त्यानंतर फॉन क्राम आपले तरुण जोडीदार हेनर हेंकेल यांच्यासह अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया या देशांच्या दौऱ्यावर गेले. अमेरिकेत त्या दोघांनी राष्ट्रीय दुहेरी स्पर्धा जिंकली. परदेशात असता फॉन क्राम यांनी आपल्या देशातील राजवटीबद्दलची नापसंती लपविली नाही. मार्च १९३८ मध्ये ते घरी परतले, आणि ५ मार्च रोजी गुप्त पोलिसांनी त्यांना अटक केली.

त्यांच्यावर ठेवलेला आरोप राजकारणाचा नव्हता. त्या काळच्या जर्मन कायद्याच्या १७५ व्या कलमान्वये पुरुषापुरुषांतील संबंध हा गुन्हा होता. हे कलम जुने होते, परंतु १९३५ मध्ये नाझी राजवटीने ते अधिक कडक केले होते. मानासे हर्ब्स्ट या ज्यू नटाशी काही वर्षांपूर्वी असलेल्या संबंधावरून, आणि त्यांना परदेशी पैसे पाठविल्यावरून, फॉन क्राम यांच्यावर खटला भरण्यात आला. संबंध त्यांनी कबूल केला. मे १९३८ मध्ये त्यांना एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली. बज यांनी अमेरिकेतील नामवंत खेळाडूंच्या सह्या गोळा करून निषेधाचे पत्र पाठविले. स्वीडनचे वृद्ध राजे पाचवे गुस्ताव्ह हे स्वतः टेनिसचे भोक्ते व फॉन क्राम यांचे स्नेही होते. त्यांचीही सहानुभूती कैद्याच्या बाजूला होती. सुमारे सात महिन्यांनी, ऑक्टोबर १९३८ मध्ये, फॉन क्राम यांची सुटका झाली.

चरित्राचा हा भाग आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. परंतु तो गाळला तर वर सांगितलेल्या प्रसंगाचे मोल कळत नाही. ज्या पुरुषाने खेळात कोणी न विचारता सत्य सांगितले, त्याला आपल्या खाजगी आयुष्यातील एक गोष्ट वर्षानुवर्षे भयाने झाकून ठेवावी लागली. हा दोष त्या माणसाच्या पदरी घालावयाचा, की सत्य बोलणाऱ्याला तुरुंगात घालणाऱ्या राज्याच्या, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा. जर्मनीने आपला विचार पुढे बदलला. १९९४ मध्ये ते कलम कायद्यातून काढून टाकण्यात आले, आणि नाझी राजवटीत त्याखाली दिलेल्या शिक्षा २००२ मध्ये जर्मन संसदेने रद्द ठरविल्या. फॉन क्राम हे पाहावयास हयात नव्हते.

सुटकेनंतर १९३९ च्या उन्हाळ्यात ते लंडनच्या क्वीन्स क्लबच्या स्पर्धेत खेळले. उपांत्य सामन्यात त्यांनी अमेरिकेच्या बॉबी रिग्ज यांचा ६-०, ६-१ असा धुव्वा उडविला, आणि अंतिम सामन्यात भारताच्या घौस महंमद यांना हरवून चषक मिळविला. याच घौस महंमद यांनी त्या वर्षी विम्बल्डनच्या उपउपांत्य फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय असा मान मिळविला. त्या विम्बल्डन स्पर्धेत फॉन क्राम मात्र नव्हते. ती रिग्ज यांनी जिंकली. तुरुंगवासाचा शिक्का बसल्यामुळे अमेरिकेनेही त्यांना प्रवेशाचा परवाना नाकारला. ऐन उमेदीची वर्षे अशी निघून गेली.

मग महायुद्ध सुरू झाले. त्यांना साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती करण्यात आले आणि रशियाच्या आघाडीवर धाडण्यात आले. तेथील भयंकर थंडीत त्यांचे पाय हिमदंशाने निकामी होण्याची वेळ आली. शौर्याबद्दल ‘लोहक्रॉस’ हे पदक त्यांना मिळाले, आणि पुढे, १९४२ मध्ये, पूर्वीच्या शिक्षेचे कारण दाखवून त्यांना सैन्यातून कमी करण्यात आले. त्यांचे जोडीदार हेंकेल हे १९४३ मध्ये रशियाच्याच आघाडीवर मरण पावले.

युद्ध संपले तेव्हा फॉन क्राम छत्तीस वर्षांचे होत आले होते, आणि देश उद्ध्वस्त झाला होता. त्यांनी पुन्हा रॅकेट हाती घेतली. १९४८ व १९४९ मध्ये ते पुन्हा जर्मनीचे राष्ट्रीय विजेते झाले. अशा रीतीने हे पद त्यांनी एकंदर सहा वेळा मिळविले. १९४७ व १९४८ या दोन्ही वर्षी जर्मनीचे सर्वोत्कृष्ट क्रीडापटू म्हणून त्यांची निवड झाली. १९५१ मध्ये जर्मनीला डेव्हिस चषकात पुन्हा प्रवेश मिळाला, तेव्हा चाळिशी उलटलेले फॉन क्राम देशासाठी मैदानात उतरले आणि १९५३ पर्यंत खेळत राहिले. या स्पर्धेत ते एकूण १०२ सामने खेळले व त्यांपैकी ८२ जिंकले. १९५१ मध्येच ते विम्बल्डनलाही परत आले. पहिल्याच फेरीत यारोस्लाव्ह ड्रॉब्नी यांनी त्यांना हरविले.

उत्तरायुष्यात त्यांनी कापसाच्या आयातीचा व्यापार केला, आणि बर्लिनच्या आपल्या जुन्या क्लबची धुरा वाहिली. त्यांचे दोन विवाह झाले व दोन्ही टिकले नाहीत. नोव्हेंबर १९७६ मध्ये व्यापाराच्या कामासाठी इजिप्तमध्ये गेले असता कैरोनजीक मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते सदुसष्ट वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी, १९७७ मध्ये, अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय टेनिस सन्मान-मंदिरात त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले.

वाचकहो, विम्बल्डनच्या एकेरी विजेत्यांच्या फलकावर गॉटफ्रीड फॉन क्राम हे नाव नाही. १९३५ च्या त्या दुहेरी सामन्याच्या नोंदीतही विजयी म्हणून अॅलिसन व व्हॅन रिन यांचीच नावे आहेत, आणि ती योग्यच आहेत, कारण गुण त्यांचा होता. तो त्यांचा आहे हे सांगणारा साक्षीदार मात्र पराभूत जोडीत होता. देवासमोर उभे राहून आपण नित्य म्हणतो की तो सर्वसाक्षी आहे. त्या शब्दाचा अर्थ मनात ठसला असेल, तर दानपेटीपाशी, दुकानाच्या तराजूपाशी, मुलांच्या परीक्षेत अथवा मैदानावर आपल्याला पंचांची गरज किती उरेल, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.